एक्क्याऐंशी नंबरचा शर्ट

ऑगस्ट आला की माझं डोकं फिरतं. एरवी त्रेपन्न खेळाडूंचं सामान मी झोपेतसुद्धा सांभाळीन, पण ऑगस्टच्या सराव शिबिरात नव्वद धटिंगण असतात. नव्वद हेल्मेटं, खांद्यांचे नव्वद पॅड, आणि मोजे किती ते विचारूच नका. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मी एकतीस वर्षं सामानवाला आहे. खेळाडूंची नावं शर्टांच्या पाठीवर मीच शिवतो आणि ऑगस्टच्या शेवटी त्यातली सदतीस मीच उसवतो. उसवायला शिवण्यापेक्षा कमी वेळ लागतो, एवढंच त्या कामातलं सुख.

त्या वर्षी रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन चेंडू झेलणारे, बारा होते आणि जागा सहा. पहिल्या पाच कधीच्या ठरलेल्या होत्या. सहाव्या जागेसाठी सात जण झटत होते. त्यातले काही पाय मुरगळून आणि काही हातातले चेंडू सांडून दोन आठवड्यांत मागे पडले. उरले दोघे, कॉर्नेल राउंट्री आणि जेव्हिअन पेटवे.

कॉर्नेल बत्तीस वर्षांचा, आणि नऊ वर्षं आमच्याकडेच. नऊही वर्षं त्याची जागा सहावी, नऊही वर्षं ती शेवटच्या दिवशी मिळालेली. त्याच्या नावाचे शर्ट दुकानात कधी विकायला आले नाहीत. पण एक्क्याऐंशी नंबर म्हटलं की मला दुसरा कोणी आठवत नाही. दहा वर्षं खेळेन आणि मग घरी बसेन, असा शब्द त्याने लग्नातच बायकोला, इव्हेटला, दिला होता. हे दहावं होतं. ते मिळालं तर राजासारखा निरोप घ्यायचा, नाहीतर नवावरच गाडी थांबायची. तो हे कोणाला बोलून दाखवत नसे, पण पॅड चढवताना हळूच "दहा" असं पुटपुटायचा, ते मी ऐकलंय.

जेव्हिअन बावीस वर्षांचा, अलाबामातल्या एका एवढ्याशा कॉलेजातून आलेला. खेळाडूंची निवड झाली त्या दिवशी लीगमधल्या बत्तीसही संघांपैकी कोणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आम्ही नंतर फोन करून बोलावला, तेही सरावाला माणसं कमी पडत होती म्हणून. वागायला इतका सभ्य की मला पहिल्या दिवशी वाटलं, हा पोरगा इथे चुकून आलाय. दक्षिणेकडचा असल्यामुळे वडीलधाऱ्या प्रत्येकाला मिस्टर लावायचा. मला मिस्टर गस, आणि कॉर्नेलला मिस्टर राउंट्री.

"मिस्टर म्हणालास की माझे गुडघे दुखतात," कॉर्नेलने त्याला सुनावलं. "कॉर्नेल म्हण. नाहीतर काहीच म्हणू नकोस आणि बर्फाची पिशवी आण."

"हो, मिस्टर राउंट्री," म्हणून पोरगा बर्फ आणायला पळाला.

वसतिगृहात दोघांना एकाच खोलीत घातलं होतं. ही हालोरनसाहेबांची, म्हणजे आमच्या मुख्य कोचची जुनी खोड. एकाच जागेवर डोळा असलेले दोघे एका खोलीत ठेवायचे. कोण कोणाला खातं ते बघायचं. यांच्या बाबतीत मात्र भलतंच झालं. सराव संपला की दोघं चेंडू फेकायच्या यंत्रासमोर उभे राहायचे. पोरगा शंभर झेल घ्यायचा आणि कॉर्नेल बाजूला उभा राहून नेमक्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर टॉवेल झटकायचा, म्हणजे समोर कोणी आडवं आलं तरी नजर चेंडूवरून हटू नये. मी गोदामाला कुलूप लावायला खोळंबून उभा. मी ओरडायचो की तुमच्यापायी माझं जेवण गार होतं. कॉर्नेल म्हणायचा, अजून दहाच. त्या दहाचे तीस व्हायचे.

एकदा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, बाबा, तुझी अक्कल गहाण पडली आहे का? तुझ्याच ताटातला घास तू त्याला भरवतोयस.

"त्याला येत नाही ते बघून मला झोप लागत नाही," तो म्हणाला. "पण काळजी करू नकोस, म्हातारबा. मी त्याला सगळं शिकवलेलं नाही."

सगळं शिकवलं होतं. मी रोज बघत होतो.

सहाव्या रिसीव्हरला झेलायला चेंडू महिन्यातून एखादा मिळाला तर मिळतो. त्याचं खरं काम निराळं असतं. आमची डाळ शिजेनाशी झाली की आम्ही चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकतो, त्याला पंट म्हणतात. त्या वेळी कडेच्या रेषेजवळून सुसाट धावत जायचं आणि चेंडू झेलणाऱ्या माणसाला जागच्या जागी आडवं करायचं, हे ते काम. साठ-सत्तर पावलं जीव खाऊन पळायचं, वाटेत दोघे तुमच्या शर्टाला लोंबकळतात, आणि टाळ्या वाजल्या तर वाजल्या. सहावी जागा त्याच कामावर ठरते. पंटवर ज्याने शिबिराच्या शेवटच्या सराव मॅचमध्ये माणूस पाडला, तो राहिला.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

नव्वद माणसांना नव्वद वेगळे नंबर पुरत नाहीत. म्हणून ऑगस्टमध्ये एकच नंबर दोघांना देतात, एक चढाई करणाऱ्यांतला आणि एक बचाव करणाऱ्यांतला. ते दोघे एका वेळी मैदानात नसतात, त्यामुळे चालून जातं. पण पंटच्या वेळी दोन्हीकडची माणसं मिसळून जातात. एका नंबरचे दोघे एकाच वेळी आत दिसले की रेफरी पिवळं फडकं टाकतो आणि डाव रद्द. म्हणून अशा जोड्यांतल्या एकासाठी मी वेगळ्या नंबरचा शर्ट बाकाखालच्या पेटीत तयार ठेवतो. जेव्हिअनचा नंबर सत्त्याऐंशी होता. बचावातल्या एका दांडगटाचाही सत्त्याऐंशीच. तो दांडगट पंटला नसायचा, पण शेवटच्या मॅचच्या दोन दिवस आधी कोणाचा तरी घोटा सुजला आणि त्याला पंटच्या मधल्या फळीत घेतलं. पंटचे कोच डूली यांनी मला तशी चिठ्ठी दिली. मी ती टोपीत खोचली. दुसऱ्या दिवशी टोपी घामाने इतकी घाण झाली होती की मी ती धुवायला टाकली आणि दुसरी घातली.

शनिवारी दुपारी एकला मॅच होती. दुसऱ्या सत्रात पहिला पंट आला. जेव्हिअन उजव्या कडेने सुटला तो असा की माझ्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. दोघांना मागे टाकून त्याने चेंडू झेलणाऱ्याला असा धडकून पाडला की चेंडू उडाला, आणि तोही त्यानेच पकडला. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. आणि मग मला गवतावर पिवळं फडकं दिसलं. मैदानात दोन सत्त्याऐंशी होते.

डाव रद्द म्हणजे तो झालाच नाही. कोचांच्या वहीत त्याला गुण नाहीत, चित्रफितीत तो मोजत नाहीत. डूली लाल चेहऱ्याने पोराच्या अंगावर धावून गेले, आत जाण्याआधी नंबर बघायचा नाही का म्हणून. चूक माझी आहे, याला का बोलता, हे मी तिथेच सांगायला हवं होतं. पण मी पेटीत वाकून शर्ट शोधायला लागलो. एकतीस वर्षांत मला कोणी पंटवरून बोललेलं नव्हतं, त्याची मला फार घमेंड होती.

"चुकलं, कोच," जेव्हिअन म्हणाला. "मी बघायला हवं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. डूलींनी त्याला पंटमधून काढलं आणि तो बाकाच्या टोकाला डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. मी पेटी तिसऱ्यांदा उपसली. दुसऱ्या नंबरचा त्याच्या मापाचा शर्ट तिच्यात नव्हता, तो शिबिरातल्या गोदामात घडी घालून ठेवलेला होता.

यापुढचा पंट कॉर्नेलचा. तिसऱ्या सत्रात तशी वेळ आली तेव्हा डूली कागदांत डोकं घालून उभे होते. कॉर्नेल माझ्याजवळ आला, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "ओढ."

पॅडवरून शर्ट काढायला दोन माणसं लागतात. मी काही न विचारता ओढला, कारण मला लगेच समजलं होतं. त्याने तो जेव्हिअनच्या मांडीवर टाकला.

"घाल. माझी पाळी तू घे."

"मिस्टर राउंट्री, तुमची ही शेवटची..."

"दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन तू गप्प बसलायस. ते मला बघवत नाही. घाल म्हणतो ना."

नियमाने हे रेफरीला कळवायला हवं होतं. मी रेफरीकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे पाहिलं. डूलींनी कागदातून डोकं न काढता "एक्क्याऐंशी" अशी हाक मारली आणि एक्क्याऐंशी धावत आत गेला. कॉर्नेल अंगावर नुसते पॅड आणि वर टॉवेल घेऊन खाली बसला.

पोरगा पुन्हा तसाच सुटला. एकाने त्याची बाही मुठीत धरली, तरी त्याला फरफटत घेऊन तो पळाला आणि समोरच्यांच्या गोलरेषेपासून चार यार्डांवर चेंडू झेलणाऱ्याला आडवं केलं. फडकं कुठेच नव्हतं. भोंग्यावरून मोठ्याने नाव आलं, राउंट्री. लोक उभे राहिले. नऊ वर्षांत त्या माणसासाठी अख्खं स्टेडियम कधी उभं राहिलं नव्हतं.

पोरगा परत आला, शर्टांची अदलाबदल झाली. तेवढ्यात डूली आले आणि त्यांनी कॉर्नेलच्या हेल्मेटवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. पाय अजून शिल्लक आहेत की रे तुझे, असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. मी शेजारीच होतो आणि पोरगाही. तिघांपैकी एकानेही खरं सांगितलं नाही.

रविवारी कोचमंडळी दिवसभर चित्रफीत बघत बसली होती. संध्याकाळच्या आधी डूली माझ्याकडे शिट्टीची दोरी मागायला आले आणि खुशीत सांगून गेले, की राउंट्री राहतोय, साहेबांचं जवळजवळ ठरलंय, त्या एका धावेने काम केलं. ते गेल्यावर मी शिलाई मशीनसमोर नुसता बसून राहिलो. मला आनंद झाला होता, ते खोटं कशाला बोलू. कॉर्नेल मला माझ्या भावापेक्षा जवळचा. आणि त्याच आनंदाची मला लाज वाटत होती.

थोड्या वेळाने जेव्हिअन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो दारातच उभा राहिला.

"मिस्टर गस, तुम्ही काही बोलू नका. मला कुठेतरी दुसरीकडे मिळेल. त्यांचं दहावं वर्ष आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"झोपेत मोजतात ते," तो म्हणाला.

मी त्याला बस म्हटलं, पण तो बसला नाही. त्याने आपले हातमोजे माझ्या टेबलावर ठेवले. नीट जोडी करून, परत करायचे असतात तसे. यादी लागायला अजून दोन दिवस होते.

सोमवारी सकाळी कॉर्नेलला जिन्याने वर, हालोरनसाहेबांच्या खोलीकडे जाताना मी पाहिलं. तो वीस मिनिटांनी खाली आला आणि सरळ सरावाला गेला. मग मला चैन पडेना. मीही वर गेलो आणि टोपीची सगळी हकिगत साहेबांना सांगितली. साहेब म्हणाले, तू टोपी धुवायला कधीपासून लागलास, गस? एवढंच. त्यांच्या पडद्यावर ती धाव थांबवून ठेवलेली होती. एक्क्याऐंशी नंबरचा पोरगा, दोन्ही कोपरं अंगालगत घट्ट. कॉर्नेलचा डावा खांदा चार वर्षांपूर्वी मोडला, तेव्हापासून त्याचं डावं कोपर पळताना बाहेर असतं. बघायचं म्हटलं तर कोणालाही दिसलं असतं. आम्ही सगळे नंबर वाचत बसलो होतो.

मंगळवारी दुपारी यादी आली. रिसीव्हर सहा. सहावं नाव पेटवे, आणि त्याच्यापुढे नंबर एक्क्याऐंशी. मला वाटलं, आता ऑफिसातल्या कोणाची तरी टोपी धुतली गेली. मी फोन उचलणार एवढ्यात कॉर्नेल आपलं सामान परत करायला आला. हेल्मेट, पॅड, बूट. त्याने सगळं पुसून आणलं होतं.

मी नंबराबद्दल विचारलं. तो म्हणाला, साहेबांकडे मीच मागितला. दुसऱ्या कोणाला गेला असता तर मला आवडलं नसतं.

मी मशीनखालची एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि विचारलं की शनिवारी गप्प बसलास, मग सोमवारी काय झालं. मी तर गप्पच बसणार होतो, हेही सांगून टाकलं.

"मीसुद्धा," तो म्हणाला. "खरं सांगू? रविवारी घरी जेवायला बसलो तेव्हा माझं पक्कं ठरलं होतं. नऊ वर्षं खस्ता खाल्ल्यात, एक धाव उसनी घेतली तर काय बिघडलं. इव्हेटने भात वाढला. मी म्हटलं, ती धाव पाहिलीस ना, सगळे उभे राहिले होते. ती म्हणाली, मी नव्हते उभी."

"का?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, तू बाकावर टॉवेल घेऊन बसला होतास, तुझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, अगं, शर्टावर नाव माझं होतं. तर म्हणते, नऊ वर्षं मी तुझी पाठ बघतेय, कॉर्नेल. मला नाव वाचायला लागतं होय?"

तो हसला, आणि हसताहसता त्याने हाताच्या तळव्याने डोळे पुसले. मीही पुसले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे लपवायचं कारण नव्हतं.

इव्हेट रागावली नव्हती म्हणे. भात संपल्यावर तिने फक्त एवढं सांगितलं, की दहावं वर्ष तुझ्या पायांनी होत असेल तर कर, मी अजून एक वर्ष थांबेन. दुसऱ्याच्या पायांनी करणार असशील तर घरी ये, अंगणातलं कुंपण नऊ वर्षं अर्धवट पडलंय. दरवर्षी जुलैत तो दोन खांब रोवायचा आणि शिबिर सुरू व्हायचं.

मग त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "शर्ट दाखव."

मी एक्क्याऐंशी नंबरचा शर्ट टेबलावर पसरला. राउंट्रीची अक्षरं उसवायची बाकी होती. त्याने तिकडे पाहिलं नाही. त्याने उजवी बाही उचलली, उलटी केली आणि काखेजवळची शिवण दोन बोटांत धरली.

"इथे दीड बोट आत घे. पोराचे खांदे माझ्याहून बारीक आहेत. शनिवारी त्या माणसाच्या मुठीत कापड आलं ते याच्यामुळे. घट्ट केलीस तर कोणाच्या हाताला लागणार नाही तो."

"टाचणी लावून दे," मी म्हटलं.

त्याने दोन्ही बाह्यांना टाचण्या लावल्या, अगदी सावकाश. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, टेबलावर पडलेले जेव्हिअनचे हातमोजे उचलून त्याच्या कप्प्यात परत ठेवले आणि गेला. मी पाठीवरची अक्षरं उसवली. त्या दिवशी त्याला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग बाह्या आत घेतल्या. त्याने दीड बोट सांगितलं होतं, मी दीडच घेतलं.